सरासरीत हरवलेली खोरी: मागास भागांचे विकास कार्यक्रम आणि मुळशी

मागास ग्रामीण भागांसाठी केंद्र आणि राज्य शासनाने गेल्या सात दशकांत आखलेल्या प्रत्येक कार्यक्रमाला आरंभीच एक निर्णय घ्यावा लागला, तो म्हणजे मागासपण कोणत्या भूभागाचे मोजायचे. काही कार्यक्रमांनी त्यासाठी संपूर्ण जिल्हा घेतला, काहींनी तालुका घेतला, काहींनी पाणलोट क्षेत्र, म्हणजे एका ओढ्याला किंवा नदीला पाणी पुरवणारा सगळा उतार घेतला, तर अलीकडच्या काहींनी एखादा समाजच आधारभूत मानला. हा निर्णय वरकरणी तांत्रिक वाटतो. परंतु निधी कोणाच्या दारापर्यंत पोहोचणार आणि कोणाला वगळून जाणार हे बहुतांशी त्याच टप्प्यावर ठरते. या निर्णयाचे परिणाम एकाच तालुक्याच्या सीमेत पाहायचे असतील, तर पुणे जिल्ह्यातील मुळशीइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

सह्याद्रीच्या माथ्यापासून पुणे शहराच्या वेशीपर्यंत पसरलेल्या या तालुक्याचे मुख्यालय पौड येथे आहे. पूर्वेकडील हिंजवडी, माण आणि मारुंजी या गावांच्या शिवारात राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले, आणि सूस, म्हाळुंगे व बावधन बुद्रुक ही गावे 2021 मध्ये पुणे महापालिकेत समाविष्ट झाली. पश्चिमेकडे ताम्हिणी घाटाच्या परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि या दोन टोकांच्या मध्ये पौड खोरे, मुठा खोरे, मोसे खोरे, कोरबारसे हे जुने मावळ पसरले आहेत, जेथील शेती भात, नाचणी आणि वरईची, तर वस्ती लहान लहान वाड्या, धनगरवाडे आणि कातकरी वस्त्या यांत विखुरलेली आहे. 2011 च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या 94 लाखांवर होती आणि तीत मुळशीचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी होता. जिल्ह्याची कोणतीही सरासरी काढली, तरी तिच्यात डोंगरातील वाडीचे अस्तित्व जाणवण्याइतकेही उरत नाही, हे या एका प्रमाणावरून स्पष्ट व्हावे.

शासनाचा विकासविषयक हस्तक्षेप या तालुक्यात नियोजनाच्या युगाच्या कितीतरी आधी सुरू झाला. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज मिळावी म्हणून टाटांच्या कंपनीने मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे ठरवले, आणि त्यासाठी 1894 च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी कंपनीला मिळवून दिल्या. त्याविरुद्ध 1921 च्या रामनवमीला सुरू झालेला मुळशी सत्याग्रह सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली 1924 पर्यंत चालला. धरण मात्र झालेच, आणि 1927 पासून त्याच्या पाण्यावर घाटाखाली भिरा येथे वीज तयार होऊ लागली. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा जो अभ्यास केला आहे, त्यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. बुडणाऱ्या जमिनीपैकी बऱ्याच जमिनीची कागदोपत्री मालकी पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती, त्यांना चांगली नुकसानभरपाई मिळाली तर प्रकल्पाविषयी तक्रार नव्हती, आणि ती जमीन प्रत्यक्ष कसणारे मावळे मात्र ती सोडण्यास तयार नव्हते. 1894 च्या कायद्यात रोख भरपाईची तरतूद होती, पुनर्वसनाची नव्हती; धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात 1976 साली झाला. जमिनीच्या कागदावर ज्याचे नाव नाही त्याला हिशेबातही स्थान नाही, हा नियम मुळशीत शंभर वर्षांपूर्वी घातला गेला, आणि आजच्या योजनांतही तो फारसा सैल झालेला नाही.

स्वातंत्र्यानंतरचा पहिला मोठा प्रयत्न 2 ऑक्टोबर 1952 रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमाचा होता. त्याने विकासगट, म्हणजे साधारणपणे तालुक्याएवढा प्रशासकीय विभाग, आणि गटविकास अधिकारी ही रचना दिली. पुढे वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार 1 मे 1962 पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत अशी त्रिस्तरीय व्यवस्था आली. ही व्यवस्था सर्वत्र सारखी होती. ज्या प्रदेशाला निसर्गाने किंवा इतिहासाने मागे ठेवले त्याला वेगळे काही द्यावे, हा विचार खऱ्या अर्थाने सत्तरच्या दशकात, पाचव्या पंचवार्षिक योजनेच्या सुमारास रुजला. त्या काळात आलेल्या तीन कार्यक्रमांची मुळशीशी झालेली गाठ स्वतंत्रपणे पाहण्यासारखी आहे.

त्यांपैकी 1973-74 चा अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांसाठी होता. पर्जन्यमानाच्या निकषावर मुळशी त्यात बसणे शक्यच नव्हते. वास्तविक घाटमाथ्यावरचा पाऊस काळ्या कातळाच्या तीव्र उतारावरून काही तासांत खाली उतरतो, माती पातळ असल्यामुळे तो जमिनीत मुरत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत याच अतिवृष्टीच्या प्रदेशातील वाड्यांना डोक्यावरून पाणी आणावे लागते. पावसाची वार्षिक सरासरी हा टंचाईचा निकष मानल्याने ही टंचाई कार्यक्रमाच्या दृष्टीआड राहिली.

दुसरा, पश्चिम घाट विकास कार्यक्रम, 1974-75 मध्ये सुरू झाला आणि मुळशीच्या दृष्टीने तोच सर्वांत योग्य बेतलेला होता. त्याने तालुका हे एकक धरले आणि निवडीचा निकष उत्पन्नाऐवजी भूगोलाचा ठेवला: ज्या तालुक्याचे किमान 20 टक्के क्षेत्र समुद्रसपाटीपासून 600 मीटरपेक्षा उंच आहे तो तालुका पात्र. पाच राज्यांतील अशा तालुक्यांची संख्या पुढे 171 पर्यंत गेली, त्यांपैकी सर्वाधिक 63 महाराष्ट्रातील होते आणि मुळशी त्यांत होता. जिल्हा कितीही श्रीमंत असला तरी डोंगर डोंगरच राहतो, रस्त्याच्या प्रत्येक किलोमीटरला खर्च अधिक येतो, त्याचा लाभ घेणारी माणसे मात्र थोडी असतात, म्हणून दरडोई खर्चाचे मैदानी प्रमाण तेथे लावू नये, ही या कार्यक्रमामागची समज अत्यंत मोलाची होती. आरंभी त्याचा भर लाभार्थींना थेट मदत देण्यावर होता, तर पुढच्या योजनांत तो पर्यावरणाच्या पुनर्बांधणीकडे आणि पाणलोट विकासाकडे वळला, म्हणजे समतल चर, नालाबांध, वनीकरण, फळबागा अशी कामे डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमाने करण्याची पद्धत त्याने स्वीकारली. याच धर्तीवर राज्य शासनाने 1990-91 पासून डोंगरी विभाग विकास कार्यक्रम सुरू केला, ज्यातून साकव, जोडरस्ते, शाळाखोल्या, पिण्याच्या पाण्याच्या लहान योजना अशी कामे होतात. ओढ्यावरचा एक साकव पावसाळ्यातील चार महिने वाडीला शाळेशी आणि दवाखान्याशी जोडून ठेवतो. बाजारपेठेच्या गावातील सभागृहापेक्षा त्याची किंमत कमी आणि उपयोग अधिक असतो, आणि तरीही अशा कामांचा वाटा वाढवण्याऐवजी निधी लहान लहान तुकड्यांत वाटून टाकण्याची प्रवृत्ती प्रबळ राहिली.

पश्चिम घाट कार्यक्रमाचा शेवट त्याच्या अपयशामुळे झाला असे म्हणता येत नाही. चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचा हिस्सा 32 टक्क्यांवरून 42 टक्के केल्यानंतर केंद्राने अनेक प्रदेशविशिष्ट योजनांचे साहाय्य थांबवले, कारण राज्यांनी आता आपापल्या प्राधान्यक्रमानुसार खर्च करावा असा विचार होता. 2015 च्या सुमारास हा कार्यक्रम त्या लाटेत गेला. तत्त्व म्हणून विकेंद्रीकरण स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. पण राज्याच्या सर्वसाधारण निधीत मिसळलेला पैसा पुन्हा डोंगराकडे वळवण्याची कोणतीही सक्ती उरली नाही, आणि उंचीसारखा सोपा, पारदर्शक, राजकीय दबावाने सहसा न वाकणारा निकषही त्याबरोबर नाहीसा झाला. हे नुकसान निधीच्या आकड्यापेक्षा मोठे मानावे लागेल.

तिसरा प्रयत्न आदिवासी उपयोजनेचा. याच पाचव्या योजनेपासून आदिवासी लोकसंख्या निम्म्याहून अधिक असलेल्या सलग क्षेत्रांसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प स्थापन झाले. त्याबाहेर राहिलेल्या, पण सुमारे 10,000 लोकसंख्येत निम्मे आदिवासी असलेल्या भागांना ‘माडा’ आणि 5,000 लोकसंख्येच्या त्याहून लहान भागांना ‘मिनी माडा’ म्हणून मान्यता मिळाली. पुणे जिल्ह्यात आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांतील महादेव कोळी वस्तीची सलग गावे अनुसूचित क्षेत्रात आली आणि जिल्ह्याचे प्रकल्प कार्यालय आंबेगाव तालुक्यातील घोडेगाव येथे आहे. मुळशीतील कातकरी मात्र कोठेही सलग राहत नाहीत. दहा-वीस झोपड्यांची एक वस्ती एका गावाच्या कडेला आणि दुसरी चार गावे ओलांडून, अशी त्यांची विखुरलेली राहणी, आणि एखाद्या ग्रामपंचायतीत त्यांचे बहुमत असणे ही दुर्मीळ गोष्ट. त्यामुळे उपयोजनेच्या बाह्य क्षेत्रासाठी जी मर्यादित तरतूद असते तेवढीच त्यांच्या वाट्याला आली, आणि अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना पेसा कायद्याने दिलेले अधिकारही त्यांना मिळाले नाहीत. जो समाज जितका अधिक उखडला गेला तितका तो अधिक विखुरला, आणि जितका विखुरला तितका कार्यक्रमाच्या व्याख्येपासून दूर गेला, हा या एककाचा सर्वांत कठोर परिणाम होय.

ऐंशीच्या दशकापासून महाराष्ट्रातील चर्चेचा रोख प्रादेशिक असमतोलाकडे वळला. 1983 साली नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने 1984 मध्ये सादर केलेल्या अहवालात सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य, वीज अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपासून किती मागे आहे ते मोजले, ते अंतर भरून काढण्याच्या खर्चाला ‘अनुशेष’ म्हटले आणि राज्याचा एकूण अनुशेष सुमारे 3,186 कोटी रुपये ठरवला. संविधानाच्या अनुच्छेद 371(2) नुसार 1994 मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळे झाली, ज्यांची मुदत 2020 मध्ये संपली. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल 2013 मध्ये तयार झाला. 2002 च्या राज्य मानव विकास अहवालात मुंबईचा निर्देशांक 1.00, पुण्याचा 0.76 आणि गडचिरोलीचा 0.21 असा होता. या आकड्यांतील दरी पाहता पुढच्या कार्यक्रमांनी गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांना अग्रक्रम दिला हे सर्वथा न्याय्यच होते. 2006 मध्ये 12 जिल्ह्यांतील 25 तालुक्यांत सुरू झालेला राज्याचा मानव विकास कार्यक्रम पुढे 22 जिल्ह्यांतील 125 तालुक्यांपर्यंत वाढला आणि मुलींसाठी शाळेची बस, अभ्यासिका, गरोदर मातांना बुडीत मजुरी अशा नेमक्या उपायांमुळे तो लक्षणीय ठरला. केंद्राच्या मागास क्षेत्र अनुदान निधीत महाराष्ट्राचे 12 जिल्हे होते, आणि 2018 च्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, हे चार. पुणे जिल्हा यांपैकी एकाही यादीत नाही. असे असण्यात अन्याय नाही. अन्याय आहे तो यादीबाहेरच्या जिल्ह्यांतील मागास खोऱ्यांसाठी दुसरी कोणतीही व्यवस्था न करण्यात. मानव विकास कार्यक्रमातील मुलींची बस ज्या कारणासाठी सुरू झाली, ते कारण मोसे खोऱ्यातील आठवीनंतर शाळा सुटण्याच्या वाटेवर असलेल्या मुलीलाही तितकेच लागू पडते.

या काळात मुळशीत विकास आलाच नाही असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही. हिंजवडीच्या उद्यानाने पूर्व भागातील जमिनीला शहरी मोल आणले, पिरंगुट-उरवडे पट्ट्यात कारखाने आले, टेमघर आणि वरसगाव या धरणांनी पुण्याच्या पाण्याची सोय केली. 2001 साली राज्य शासनाने मुळशी आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांतील 18 गावांचे क्षेत्र गिरिस्थान म्हणून अधिसूचित केले आणि वरसगाव जलाशयाच्या काठी लवासा हे खासगी नगर उभे राहू लागले. 2010 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली, आणि 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. या नगराला 2008 मध्ये विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला होता, म्हणजे बांधकामाला परवानगी देण्याचे सार्वजनिक अधिकार प्रवर्तक कंपनीशी निगडित असलेल्या यंत्रणेकडे गेले होते; तो दर्जा 2017 मध्ये काढून घेण्यात आला. मागास डोंगराळ भागात खासगी गुंतवणूक आली की रोजगार, रस्ते आणि दवाखाने आपोआप येतील, या गृहीताची ही मोठी परीक्षा होती, आणि मोसे खोऱ्यातील मूळ गावांच्या दृष्टीने तिचा निकाल निराशाजनक आहे.

1921 चे धरण, शहराला पाणी देणारे जलाशय, माहिती तंत्रज्ञान उद्यान आणि गिरिस्थान या सर्वांना सांधणारी एक बाब येथे नोंदवली पाहिजे. मुळशीकडून काही घेणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाचा नकाशा गट क्रमांकापर्यंत अचूक होता. कोणाची किती गुंठे जमीन, कोणती समोच्च रेषा, पाण्याची पातळी किती, हे सारे मोजलेले होते. मुळशीला काही देणाऱ्या कार्यक्रमांचे नकाशे मात्र जिल्ह्याच्या किंवा फार तर तालुक्याच्या सीमेवर थांबले. घेताना जी सूक्ष्मता प्रशासनाला साधते ती देताना साधत नाही, असे मानण्यास काहीही तांत्रिक आधार नाही.

या पार्श्वभूमीवर 15 नोव्हेंबर 2023 रोजी सुरू झालेले प्रधानमंत्री जनजाती आदिवासी न्याय महाअभियान, म्हणजे ‘पीएम-जनमन’, हे एककाच्या दृष्टीने खरे वळण आहे. देशातील 75 विशेष असुरक्षित आदिवासी समूहांसाठी सुमारे 24,104 कोटी रुपयांची तरतूद करून नऊ मंत्रालयांच्या 11 प्रकारच्या सुविधा थेट वस्तीपर्यंत नेण्याचे त्याने ठरवले. महाराष्ट्रात असे तीन समूह आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. वस्तीत किती घरे आहेत एवढे पाहून, जिल्हा किंवा तालुका मागास आहे का हे न विचारता काम करणारा हा बहुधा पहिलाच मोठा कार्यक्रम, आणि त्यामुळे मुळशीतील कातकरी वस्त्या प्रथमच एका राष्ट्रीय योजनेच्या केंद्रस्थानी आल्या.

तरीही येथे शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. योजनेत घरासाठी शौचालय आणि मजुरीसह सुमारे 2 लाख 39 हजार रुपये मिळतात, पण घर बांधायला जागा लागते, आणि अनेक कातकरी वस्त्या गावातील खातेदाराच्या मालकीच्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर आहेत. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळसा भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलांची शाळा त्या काळात तुटते, शिधापत्रिका आणि मतदार यादी यांतले नाव अनिश्चित राहते, आणि जातीच्या दाखल्यासाठी लागणारा 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा तर बहुतेकांकडे नसतोच. भूमिहीनांना घरासाठी जागा घेता यावी म्हणून राज्याने 2015 साली पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने अर्थसाहाय्य योजना आणली, तिच्यात 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी 50,000 रुपये देण्याची तरतूद होती आणि पुढे ही मर्यादा 1 लाखापर्यंत वाढवली गेली. दुर्गम जिल्ह्यात ही रक्कम कदाचित पुरेल. सेकंड होम, शेतघरे आणि विश्रामगृहे यांच्या मागणीने ज्या मुळशीत गुंठ्याचे दर गगनाला भिडले आहेत, तेथे ती अपुरीच पडते. शहराच्या सान्निध्यामुळे तालुक्याचे सरासरी उत्पन्न वाढते, आणि त्याच सान्निध्यामुळे सर्वांत गरीब कुटुंबाला पाय ठेवायला जागा मिळणे अवघड होते. म्हणून अशा तालुक्यात रोख साहाय्यापेक्षा शासकीय जमिनीवर किंवा संपादित जागेवर वस्तीनिहाय गावठाण मंजूर करणे आणि वनहक्क कायद्याखालील दावे निकाली काढणे हेच पहिले काम मानले पाहिजे. घरकुलाचा क्रम त्यानंतरचा.

डोंगराच्या दुसऱ्या दायित्वाचाही विचार व्हायला हवा. 2013 मध्ये ताम्हिणी परिसर अभयारण्य झाला, आणि पश्चिम घाटातील पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या केंद्राच्या प्रारूप अधिसूचनांत, ज्यांतील सहावी 31 जुलै 2024 ची, मुळशीतील गावेही येतात. जंगल आणि पाणलोट राखणे ही राष्ट्राची गरज आहे, आणि खाणी व बेसुमार बांधकाम यांना आवर घालणे हे स्थानिकांच्याही हिताचे आहे. पण ज्या गावांवर बंधने येतात त्यांना त्याबद्दल काय मिळते, याचे उत्तर आज कोणत्याही योजनेत नाही. पुण्याचे पाणी आणि मुंबईची वीज ज्या उतारांवरून येते, तेथील ग्रामपंचायतींना पाणीपट्टी आणि वीज उत्पन्नातील ठरावीक हिस्सा हक्क म्हणून मिळाला, तर पश्चिम घाट कार्यक्रमाने सोडलेली जागा अनुदानापेक्षा भक्कम पायावर भरून निघेल.

या सर्वाची सुरुवात पुणे जिल्हा नियोजन समितीच्या स्तरावर होऊ शकते. तालुक्याची एकच सरासरी न काढता पौड, मुठा, मोसे आणि कोरबारसे या खोऱ्यांची गाव-वाडीनिहाय स्थिती, म्हणजे बारमाही रस्ता, उन्हाळ्यातील पाणी, आठवीनंतरची शाळा, जवळचे आरोग्य केंद्र आणि घराखालच्या जमिनीची मालकी, दरवर्षी मोजून जाहीर करावी, आणि जिल्हा वार्षिक योजनेतील एक निश्चित वाटा त्या यादीतील शेवटच्या वाड्यांसाठी राखून ठेवावा. त्यासाठी लागणारी माहिती तलाठी, ग्रामसेवक, आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका यांच्या नोंदींत आजही विखुरलेली आहे, आणि जिल्हा नियोजन समित्यांचा 1998 चा राज्य कायदा जिल्ह्याच्या विकास आराखड्याचे काम याच समितीकडे सोपवतो.